खिशातला फोन आणि संततीची चिंता

उज्जैनला भैरवगडच्या बाजूला, क्षिप्रेच्या काठी सिद्धवट आहे. संतती, संपत्ती आणि सद्गती या तिन्हींसाठी लोक तिथे येतात. मूल व्हावं म्हणून आलेली जोडपी तिथे उलटं स्वस्तिक काढतात आणि पुढे महाकालाच्या दर्शनाला जातात. त्या मंदिरात २० डिसेंबर २०२२ पासून मोबाइल आत नेता येत नाही; तो बाहेर जमा करावा लागतो. हा नियम सुरक्षेसाठी आणि मंदिराची मर्यादा राखण्यासाठी केलेला आहे, आरोग्याशी त्याचा संबंध नाही. पण दर्शनाचा तेवढा वेळ सोडला, तर फोन दिवसभर माणसाच्या अंगाला लागलेला असतो. पुरुषांचा फोन बहुतेक वेळा पँटच्या पुढच्या खिशात, म्हणजे वृषणांपासून वीतभरही लांब नसतो.

म्हणूनच मूल व्हायला उशीर होत असलेल्या घरांत आता हमखास प्रश्न येतो, की फोनमुळे तर हे होत नसेल? शिंद्यांच्या काळापासून उज्जैनात राहणाऱ्या मराठी घरांतही तो येतो आणि पुण्या-नागपुरातही येतो. प्रश्न रास्त आहे. गेली वीस वर्षं जगभरचे शास्त्रज्ञ त्याचा शोध घेत आहेत आणि त्या शोधाच्या सुरुवातीचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्या मुंबईतला आहे. हाती आलेलं उत्तर थोडक्यात असं: फोनवरचा संशय निराधार नाही, पण आरोप सिद्धही झालेला नाही. फोन खिशातून काढणं सोपं आहे आणि ते जरूर करावं. मात्र फोनला दोषी ठरवून पुरुषाची तपासणी लांबणीवर टाकली, तर नुकसान नक्की होतं.

लहरींचा जोर किती

मोबाइल, वाय-फाय, ब्लूटूथ ही सगळी उपकरणं रेडिओ लहरींवर चालतात. एक्स-रे किंवा गॅमा किरणांचा एकेक कण इतका ताकदवान असतो, की तो रेणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावतो आणि पेशीतल्या डीएनएचे धागे थेट तोडतो. त्यासाठी साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. १८०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या फोनच्या लहरीच्या एका कणात याच्या दहा लाखाव्या हिश्शाहूनही कमी ऊर्जा असते. असे कण कितीही आले तरी एकट्याचं काम एकट्यालाच करावं लागतं. लाख माणसांनी एकेक वीत उंच उडी मारली म्हणून उंच भिंत कोणीच ओलांडत नाही, तसं हे आहे. त्यामुळे अणुभट्टीतल्या किरणांची भीती जशीच्या तशी फोनला लावता येत नाही.

मग या लहरी शरीरात काय करतात? सगळ्यांना मान्य असलेला परिणाम एकच आहे, तो म्हणजे उष्णता. ऊतींमधलं पाणी लहरी शोषतं आणि किंचित तापतं. एक किलो ऊतीत किती वॅट शोषले गेले, यावरून हे मोजतात. या मापाला 'सार' म्हणतात. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून फोनसाठी ही मर्यादा दर किलोमागे १.६ वॅट आहे आणि ती अवघ्या एक ग्रॅम ऊतीवर मोजली जाते. बऱ्याच फोनवर *#०७# दाबलं, की त्या फोनचा आकडा पडद्यावर येतो. हे नियम फक्त कागदावर राहत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या यंत्रणेला आयफोन १२ च्या चाचणीत हातापायांसाठीची मर्यादा ओलांडलेली आढळली, तेव्हा तिने त्याची विक्री थांबवायला लावली आणि कंपनीला सॉफ्टवेअर बदलावं लागलं.

पुरुषाच्या बाबतीत उष्णतेला वेगळं महत्त्व आहे. वृषणं पोटाच्या बाहेर, पिशवीत लोंबती असतात, कारण शुक्राणू नीट तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. नियमांत बसणाऱ्या फोनच्या लहरींनी तिथलं तापमान वाढण्याचं प्रमाण फारच थोडं असतं. म्हणून संशोधकांचं लक्ष दुसऱ्या एका शक्यतेकडे आहे. शुक्राणूच्या आवरणात सहज ऑक्सिडीकरण होणारी स्निग्धाम्लं भरपूर असतात, आणि त्याच्या इवल्याशा देहात बचावासाठी लागणारी द्रव्यं फार कमी. त्यामुळे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढले, की इतर पेशींपेक्षा शुक्राणू लवकर जायबंदी होतो. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठात शुक्राणूंवर १.८ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडल्या गेल्या. लहरींचा जोर वाढवला तसे हे आक्रमक रेणू वाढले, शुक्राणूंची हालचाल मंदावली आणि डीएनएची हानीही दिसली. त्यातले बरेचसे मारे मात्र फोनच्या कायदेशीर मर्यादेच्या कितीतरी वर होते.

मुंबईतले ३६१ पुरुष

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे डॉ. अशोक अगरवाल आणि मुंबईतले डॉक्टर यांनी मिळून मुंबईच्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात आलेल्या पुरुषांची पाहणी केली. ऑक्टोबर २००६ मध्ये तिचे निष्कर्ष अमेरिकेतल्या परिषदेत मांडले गेले, २००८ मध्ये ती छापून आली आणि जगभर बातम्या झाल्या. ३६१ पुरुषांचे फोनच्या वापरावरून चार गट केले होते: मुळीच न वापरणारे, दिवसाला दोन तासांपेक्षा कमी वापरणारे, दोन ते चार तास वापरणारे आणि चार तासांहून जास्त वापरणारे. वीर्याच्या एका मिलिलिटरमधली शुक्राणूंची सरासरी संख्या अनुक्रमे ८ कोटी ६० लाख, ६ कोटी ९० लाख, ५ कोटी ९० लाख आणि ५ कोटी अशी उतरत गेली. शुक्राणूंची हालचाल, जिवंतपणा आणि आकार यांतही तशीच उतरण होती.

आकड्यांची ही उतरण पाहून काळजी वाटणं साहजिक आहे. पण तिच्याकडे पाहताना तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. म्हणजे सर्वांत जास्त फोन वापरणाऱ्या गटाची सरासरीही तिच्या तिप्पट होती. दुसरी, २००६ च्या सुमाराला दिवसातून चार तासांहून जास्त फोनवर असणारा माणूस बहुधा धावपळीच्या धंद्यातला असणार. त्याची झोप, बैठं काम, गाडीतला प्रवास, तंबाखू-सिगारेट, ताण हे सगळं फोनबरोबरच येतं. त्यातल्या कशाने शुक्राणू घटले, हे अशा पाहणीतून वेगळं काढता येत नाही. तिसरी, फोन कानाशी होता की खिशात, याची नोंद त्यात नव्हती. कानाशी धरलेल्या फोनच्या लहरी वृषणांपर्यंत पोहोचतात त्या अगदीच क्षीण होऊन.

म्हणून अगरवाल यांच्याच गटाने पुढे प्रयोगशाळेत वेगळी चाचणी केली. ३२ पुरुषांच्या वीर्याचे नमुने घेतले, प्रत्येकाचे दोन भाग केले, आणि एका भागाजवळ, अडीच सेंटिमीटरवर, चालू कॉलचा फोन तासभर ठेवला. त्या भागातल्या शुक्राणूंची हालचाल आणि जिवंतपणा घटला, आक्रमक रेणू वाढले. डीएनएच्या हानीत मात्र फरक पडला नाही. २०१२ मध्ये अर्जेंटिनातल्या संशोधकांनी वाय-फायवर चालणाऱ्या लॅपटॉपखाली २९ नमुने चार तास ठेवले आणि त्यांना हालचाल घटलेली व डीएनए तुटलेला आढळला. पण उघड्या भांड्यातल्या शुक्राणूला शरीराचं कोणतंही कवच नसतं. जिवंत माणसात मधे त्वचा, स्नायू आणि वाहतं रक्त असतं, आणि नवे शुक्राणू सतत तयार होत असतात. म्हणून असा प्रयोग 'असं होऊ शकतं' इतकंच सांगतो, 'असं होतं' हे सांगत नाही.

मोठ्या पाहण्या काय सांगतात

स्वित्झर्लंडमध्ये तरुणांना लष्करी भरतीच्या तपासणीला जावं लागतं. त्याचा फायदा घेऊन २००५ ते २०१८ या काळात १८ ते २२ वर्षांच्या २,८८६ तरुणांच्या वीर्याची तपासणी झाली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष छापले गेले. हे तरुण वंध्यत्वाच्या तक्रारीमुळे दवाखान्यात आलेले नव्हते, म्हणून या पाहणीचं वजन जास्त. आठवड्यातून जेमतेम एकदा फोन वापरणाऱ्यांची संख्या मिलिलिटरमागे ५ कोटी ६५ लाख होती, तर दिवसातून वीसपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांची ४ कोटी ४५ लाख; म्हणजे सुमारे २१ टक्के कमी. हालचाल आणि आकार यांत मात्र फरक नव्हता. फोन खिशात ठेवण्याशीही संबंध दिसला नाही. आणि २००५ ते २००७ च्या सुमाराला दिसलेला संबंध पुढच्या वर्षांत क्षीण होत गेला.

या शेवटच्या गोष्टीमागे एक पटण्याजोगं कारण असू शकतं. जुना टूजी फोन बोलताना दोन वॅटपर्यंतचे झटके देत असे. थ्रीजी-फोरजी फोनची कमाल ताकद त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते, आणि टॉवर जवळ असला की तो त्याहून कितीतरी कमी ताकदीवर काम भागवतो.

डेन्मार्क आणि उत्तर अमेरिकेतल्या सुमारे तीन हजार जोडप्यांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ही जोडपी मूल व्हावं म्हणून प्रयत्न सुरू करत असतानाच त्यांची माहिती घेतली गेली होती. पुढच्या खिशात फोन ठेवणाऱ्या पुरुषांच्या बायकांना दिवस राहायला एकंदरीत उशीर झाला नाही. फक्त सडपातळ पुरुषांच्या गटात थोडा परिणाम दिसला.

जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावरचे सगळे अभ्यास नव्याने तपासून घेतले; ते अहवाल २०२४ मध्ये आले. माणसांवरच्या पाहण्यांतून फोनचा शुक्राणूंवर परिणाम फारसा दिसत नाही, पण त्या पाहण्यांचा दर्जा इतका कमकुवत आहे की खात्री देता येत नाही, असा एका अहवालाचा सूर आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांचं चित्र वेगळं आहे. लहरींचा मारा झालेल्या नरांपासून माद्यांना गर्भ राहण्याचं प्रमाण घटल्याचा पुरावा तिथे अधिक भक्कम आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या प्रयोगातही रोज दोन तास, ३५ दिवस लहरी सोसलेल्या उंदरांचे शुक्राणू घटले होते. पण उंदराचं सगळं शरीर लहरींच्या झोतात असतं, आणि पुष्कळ प्रयोगांत मारा माणसाच्या रोजच्या वाट्यापेक्षा बराच जास्त असतो. उंदरावरून माणसाचा निकाल लावता येत नाही, पण उंदरात दिसलेलं दुर्लक्षूनही चालत नाही.

फोनच्या आधीची घसरण

पुरुषांच्या शुक्राणूंची संख्या घटते आहे, ही चिंता मोबाइलपेक्षा जुनी आहे. १९९२ मध्ये डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून दाखवलं, की १९४० मध्ये मिलिलिटरमागे ११ कोटी ३० लाख असलेली सरासरी १९९० मध्ये ६ कोटी ६० लाखांवर आली होती. भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ ला, कोलकात्याहून दिल्लीला. जुन्या मोजण्या कितपत बिनचूक होत्या यावर वाद आहेत. पण ही घसरण खरी असेल, तर तिची सुरुवात फोनने केलेली नाही.

माळव्यात, आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्यातही, पुरुषांना घेरणारी कितीतरी कारणं फोनपेक्षा ठळक आहेत. तंबाखू, गुटखा, सिगारेट आणि अति दारू. वाढलेलं पोट आणि मधुमेह. व्यायामशाळेत स्नायू फुगवायला घेतलेली स्टेरॉइड. मोठा ताप. लहानपणी नव्हे, तर वयात आल्यावर झालेले गालगुंड. वृषणाच्या शिरा फुगणं, म्हणजे व्हेरिकोसील, हे तर दर सात-आठ पुरुषांमागे एकात आढळतं आणि वंध्यत्वाच्या तक्रारी असलेल्यांमध्ये तीनातल्या एकाहून जास्त जणांत. सोयाबीनच्या आणि कापसाच्या पट्ट्यात फवारणी करणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातली गोष्ट लक्षात ठेवावी. १९७७ मध्ये तिथल्या लॅथ्रॉप गावच्या कारखान्यातल्या कामगारांना मुलं होत नसल्याचं लक्षात आलं. तपासणीत पुष्कळांच्या वीर्यात शुक्राणू फार कमी किंवा शून्य सापडले. कारण होतं ते बनवत असलेलं डीबीसीपी हे कीटकनाशक. जो जास्त काळ कामावर, त्याचं नुकसान जास्त, इतका सरळ संबंध तिथे दिसला. पुरावा पक्का असतो तेव्हा तो असा दिसतो. फोनच्या बाबतीत अजून तसं काही समोर आलेलं नाही.

उष्णतेचाही पुरावा असाच सरळ आहे. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी २९ तरुणांना तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसवलं. अंडकोशाचं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलं, आणि त्यातले दोन अंश तर नुसत्या मांड्या जुळवून बसण्यामुळेच होते. उज्जैनच्या मे महिन्यात, तापलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये, भट्टीपुढे किंवा भैरवगडच्या छापखान्यांत गरम मेणाजवळ तासन्‌तास बसणाऱ्या माणसाने ही बाब मनावर घ्यावी.

टॉवरची भीती

घरासमोर टॉवर उभा राहिला, की लोक घाबरतात. २०१७ मध्ये ग्वाल्हेरच्या दाल बाजार भागातला एक टॉवर एका कर्करोगग्रस्ताच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने बंद करायला लावला, तेव्हापासून मध्य प्रदेशात ही भीती विशेष आहे. पण लहरींचा जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: अंतर दहापट झालं, की जोर शंभरावा हिस्सा उरतो. शिवाय आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांच्यासारख्यांनी हा प्रश्न लावून धरला होता, त्याच काळात सरकारने टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली. १ सप्टेंबर २०१२ पासून ती लागू आहे. ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ०.४५ वॅट, अशी ही कडक मर्यादा आहे. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर जवळच्या टॉवरची माहिती मिळते आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते.

टॉवर दूर असेल, तर फोनला मात्र जास्त ओरडावं लागतं. सिग्नल कमी तिथे फोन स्वतःची ताकद वाढवतो. उज्जैनहून नागद्याकडे धावत्या गाडीत किंवा एखाद्या तळघरातल्या दुकानात, एकच कांडी दाखवणारा खिशातला फोन शहरातल्या फोनपेक्षा अंगावर जास्त लहरी सोडत असतो. २०२८ च्या सिंहस्थात मेळ्याच्या भागात फिरते टॉवर उभे राहतील. त्यांच्याकडे पाहून घाबरण्यापेक्षा हे लक्षात घ्यावं, की ते जवळ असल्यामुळेच लाखो भाविकांच्या खिशातले फोन कमी ताकदीवर चालतील.

आपण काय करावं

शंका असताना बिनखर्चाची काळजी घेणं हे शहाणपणाचं आहे. फोन पुढच्या खिशाऐवजी पिशवीत, सदऱ्याच्या बाहेरच्या खिशात किंवा टेबलावर ठेवावा. कानात ब्लूटूथ लावून बोलताना डोक्याजवळचा फोन दूर जातो, पण तो पँटच्या खिशात टाकला तर लहरी तिथे जातात. म्हणून अशा वेळी तो हातभर लांब ठेवावा. खिशात फोन ठेवून हॉटस्पॉट चालू करू नये. सिग्नल कमी असताना लांबलचक कॉल टाळावा. लॅपटॉप मांडीवर नव्हे, टेबलावर घ्यावा. लहरी अडवणारे म्हणून विकले जाणारे स्टिकर आणि धातूची कव्हरं घेऊ नयेत. सिग्नल अडला तर फोन उलट ताकद वाढवतो.

शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला सुमारे तीन महिने लागतात. त्यामुळे तंबाखू सोडल्याचा, वजन उतरवल्याचा किंवा फोनची सवय बदलल्याचा फायदा लगेच दिसणार नाही. तीन महिने धीर धरावा लागतो.

आणि यापेक्षा महत्त्वाचं पुढे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सहा प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषातलं कारण एकटं किंवा जोडीने हजर असतं. तरीही आपल्या घरांत सुनेच्या तपासण्या, औषधं, उपास आणि नवस वर्षानुवर्षं चालतात, आणि नवऱ्याची एक साधी वीर्यतपासणी राहून जाते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये जग सोडेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून अशा विषयांवर मोकळेपणी लिहिलं. त्या लिखाणाला शंभर वर्षं होत आली, तरी पुरुषाच्या शरीराबद्दल बोलताना घरातला आवाज अजून दबतो. 'हल्ली सगळ्यांचंच असं होतं, मोबाइलमुळे' या वाक्याने त्या संकोचाला एक नवी आडोशाची जागा मिळू नये.

वीर्यतपासणी स्वस्त आहे, तिला सुई लागत नाही, आणि उज्जैनसारख्या शहरात ती सहज होते. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा असतो. अहवाल बिघडलेला आला तर काही आठवड्यांनी पुन्हा द्यायचा, कारण एका नमुन्यावरून निदान होत नाही. व्हेरिकोसीलसारखी कारणं उपचाराने सुधारतात, आणि शुक्राणू फारच कमी असले तरी आज एकेक शुक्राणू बीजात सोडून गर्भ घडवता येतो. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा पत्नी पस्तिशीच्या पुढची असेल आणि सहा महिने गेले, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं आणि दोघांच्या तपासण्या एकाच वेळी सुरू कराव्यात. फोन आजपासूनच खिशाबाहेर ठेवा, देवाला नमस्कार करा, पण नवऱ्याचा अहवाल हातात आल्याशिवाय बायकोला एकही नवं औषध सुरू करू देऊ नका.